फळ्याची डावी बाजू

मिठाच्या सत्याग्रहाच्या साली सबंध वैशाखभर आमच्या वर्गात एकच विषय चालला. आपल्यातली चुगलीखोर कोण? त्या महिन्यात आम्ही ना इतिहास शिकलो, ना गणित. एकमेकींच्या तोंडाकडे टवकारून बघायला मात्र पक्क्या शिकलो. ती विद्या मला अजून विसरता आलेली नाही.

आमचं गाव बोरी नदीच्या काठी. पारोळ्याहून बैलगाडीनं निघालं तर दुपार व्हायच्या आत पोचतं. मुलींची सरकारी शाळा एका बंद पडलेल्या जिनिंगच्या गोदामात भरायची. वारा सुटला की आढ्यातून जुना कापूस गळायचा आणि सगळ्यांच्या वेण्या पांढऱ्या व्हायच्या. मास्तरणी दोन. मोठ्या बाई वच्छलाबाई, त्या खालचे वर्ग घ्यायच्या. चौथीला कमलबाई. त्या धुळ्याच्या. लहानपणीच विधवा झालेल्या, भावाच्या घरी भांडून भांडून फायनलची परीक्षा पास झालेल्या. नोकरी होती म्हणून त्या आमच्या गावात स्वतःची चूल मांडून, ताठ मानेनं राहत होत्या. नोकरी गेली तर परत धुळ्याला, भावजयीच्या स्वयंपाकघरात, दाराआड. हे त्यांनी आम्हाला कधी सांगितलं नाही. भिकुबाईनं सांगितलं.

भिकुबाई म्हणजे शाळेची बोलावणारी बाई. त्या काळी मुलीला शाळेत धाडायचं म्हणजे आईच्या जिवावर यायचं. सारवण कोण करणार, धाकट्याला कोण सांभाळणार? म्हणून प्रत्येक मुलींच्या शाळेला अशी एक बाई नेमलेली असे. सकाळी ती घरोघर जायची, आयांशी हुज्जत घालायची आणि आम्हाला ओळीनं शाळेत आणून सोडायची. मग दिवसभर वर्गाच्या उंबऱ्यात तंबाखू मळत बसायची. गावातली एकही चूल अशी नव्हती की जिच्यावर काय शिजतंय ते भिकुबाईला ठाऊक नाही. हे लक्षात ठेवा, कारण संशय पहिल्यांदा तिच्यावरच गेला.

तर झालं असं. आमच्या इतिहासाच्या पुस्तकातला शेवटचा धडा होता इंग्रजी राज्यापासून झालेल्या फायद्यांचा. दरवर्षी तो पाठ करायचा आणि शाळा तपासायला साहेब आला की घडाघडा म्हणायचा. त्या साहेबाला सगळे दिपोटी म्हणत. कमलबाईंनी फळ्याच्या मधोमध एक उभी रेघ मारली आणि उजव्या बाजूला फायदे लिहिले. आगगाडी, तारायंत्र, टपाल, ठगांचा बंदोबस्त, दवाखाने. डावी बाजू कोरी राहिली.

मला कोरी जागा बघवत नाही. मी उभी राहिले आणि विचारलं, "बाई, ही बाजू रिकामी का?"

बाईंनी आधी दाराकडे बघितलं. मग म्हणाल्या, "गणितात नफा लिहिला की आपण काय करतो?"

"तोट्याची जागा सोडतो."

"तशीच ही जागा. पुस्तकात तोटे दिलेले नाहीत. मीही सांगणार नाही. तुम्ही घरी बघा, मोठ्यांना विचारा. काही सापडलं तर उद्या लिहू. नाही सापडलं तर जागा रिकामी राहील, त्यात काही बिघडत नाही."

दुसऱ्या दिवशी आम्ही तोट्यांची टोपली भरून आलो. एकीच्या आजीनं सांगितलं, मिठावर कर. एकीच्या बापानं सांगितलं, रानात ढोरं चारायला बंदी. कोष्ट्याच्या पोरीनं सांगितलं, आमचा माग बंद पडला. एकीच्या आईनं तर दारूच्या दुकानाचं नाव घेऊन असं काही सांगितलं होतं की ती पोर निम्म्यातच थांबली. बाईंनी सगळं लिहिलं. फायदे जितक्या वळणदार अक्षरात लिहिले होते तितक्याच वळणदार अक्षरात, एकही शब्द पदरचा न घालता. मिठाचं लिहिलं ते एवढंच, 'मिठावरील कर'. मग म्हणाल्या, "दोन्ही बाजू एकदा वाचा. कोणती बाजू जड ते मला सांगू नका. ते आपलं आपल्याजवळ ठेवायचं असतं."

आणि फळा पुसला. ओल्या फडक्यानं, दोनदा.

मला त्या दिवशी फार मोठं झाल्यासारखं वाटलं. आजवर शाळेत आम्हाला कुणी काही विचारलंच नव्हतं. विचारायचं ते साहेबानं आणि सांगायचं ते पुस्तकातलं. घरी जाताना आम्ही सगळ्याच जरा मोठ्यानं बोलत होतो.

त्याच आठवड्यात आखाजी, म्हणजे अक्षय्यतृतीया, आली. खानदेशातल्या लेकीबाळींना आखाजीचं काय वाटतं ते बाहेरच्याला सांगून कळायचं नाही. खापरावरच्या पुरणपोळ्या, आंब्याचा रस, झाडाझाडाला झोके, आणि शेवटी टोपलीतली गौराई घेऊन नदीवर. तिथे आमचा बार व्हायचा. अलीकडच्या काठावर आमच्या गावच्या बायका-पोरी, पलीकडच्या काठावर पैलाडच्या. पैलाड म्हणजे नदीपल्याडचं गाव. वैशाखात बोरीला पाणी कुठलं, मधे नुसती वाळू आणि दोन डबकी. त्या वाळूवरून एकमेकींना गाणी रचून शिव्या घालायच्या. तुमचा पाटील असा, तुमची विहीर तशी, तुमच्या सासवा अमक्या. उणंदुणं जितकं खरं तितकी शिवी चांगली. आपल्या गावाची बढाई मारायची ती वेगळीच. जो काठ निरुत्तर होईल तो हरला.

बारचा एक कायदा आहे. बारमध्ये बोललेलं नदीतच सोडायचं. कुणी बोललं, काय बोललं, ते घरी न्यायचं नाही, मनात धरायचं नाही, आणि त्याची फिर्याद तर सात पिढ्यांत कुणी केलेली नाही. दुसऱ्या दिवशी बाजारात पैलाडची बाई भेटली तर तिला हातावर आंबा द्यायचा.

पैलाडला शाळा नव्हती, ना मुलांची ना मुलींची. त्यामुळे त्या साली आमच्या भात्यात बाण चांगला होता. आम्ही जिंकलो, आणि अशा जिंकलो की पैलाडच्या पोरी टोपल्या उचलून चालू लागल्या. त्यांचा पोलीस पाटील तोताराम बाभळीखाली उभा होता. त्याच्या तीन मुली त्यांत होत्या. त्याचं तोंड कडू झालेलं मी अलीकडून बघितलं. आम्ही काय म्हटलं ते मी इथे लिहीत नाही. कायदा म्हणजे कायदा. पुढे ज्यानं ते वर्गात आणलं त्याच्याच तोंडी ते राहू दे.

कमलबाई बारला नव्हत्या. विधवा बाई गौराईच्या सणात कशी येणार? त्या दिवशी त्यांनी दार लोटून घेतलं होतं. शिवाय त्या पडल्या धुळे शहरातल्या. बार म्हणजे काय हे त्यांना ऐकूनही माहीत नव्हतं.

आखाजी होऊन थोडे दिवस गेले असतील नसतील, आणि पारोळ्याहून निरोप आला. दिपोटी चौकशीला येणार. चौथीच्या वर्गात फळ्यावर सरकारविरुद्ध मजकूर लिहिला गेला, त्याची चौकशी.

वच्छलाबाई आमच्या वर्गात आल्या. त्यांनी कमलबाईंना बाहेर नेलं. परत आल्या त्या कमलबाई वेगळ्याच होत्या. आम्हा सगळ्यांकडे त्यांनी ओळीनं बघितलं, एकेकीकडे. धान्य निवडताना बाई खडा शोधते तसं. फळ्यावरचं वर्गाबाहेर गेलं होतं, आणि वर्गात आम्हीच होतो.

त्या दिवसापासून फळा कोरा राहिला. बाई पुस्तकातून शुद्धलेखन सांगायच्या, आम्ही पाटीवर उतरवायचो. कुणी हात वर केला तर, "बस खाली." खिडकीला त्यांनी तरट लावलं. मे महिन्याच्या उकाड्यात खिडकीला तरट. आणि भिकुबाईला सांगितलं, "उंबऱ्यात बसायचं नाही. तिकडे लिंबाखाली बसायचं."

भिकुबाई कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "बाई, मी घरघर फिरस. बठ्ठा गावनं माले माहीत शे. पन आठलं तठे करानी माले सवय नही."

"मी तुम्हाला काही म्हटलं का?"

"म्हनं नही, पन डोयास्ले वाचता येस माले. तेवढीच मनी शाळा."

ती लिंबाखाली जाऊन बसली, पण वर्गाकडे पाठ करून. आमच्या घरात बहुतेकांचं मत पडलं की भिकुबाईनंच सांगितलं असणार. आई तिला दारात बघून बोलणं थांबवायला लागली. माझे नाना म्हणाले, "बडबड्याला कळवायला वेळ नसतो. भिकुबाई नाही. तुमच्यात पोलिसाची पोर कोण आहे?"

होती ना. मंजुळा. गावच्या चौकीवरच्या रुपचंद जमादाराची मुलगी. अबोल, सावळी, गळा मात्र असा की ती गायला लागली की झोक्यावरच्या बायका झोका थांबवायच्या. वर्गात ती कधी तोंड उघडायची नाही. तोटे लिहिले त्या दिवशीही तिनं एकही सांगितला नव्हता. झालं, आम्हाला एवढा पुरावा पुष्कळ होता. जी काही सांगत नाही तीच सगळं सांगते, असा आमचा न्याय. तिच्या शेजारी कुणी बसेना. चिंचा वाटल्या की तिचा हात रिकामा. एका पोरीनं तर तिच्या पाटीवर खडूनं पगडी काढून ठेवली, तिच्या बापाची.

मी तिला आडबाजूला गाठून सरळ विचारलं. मला मनात कुढत बसायला जमत नाही. "मंजुळे, तू घरी सांगितलंस?"

"मी काहीच सांगं नही, बेबा."

"बापाला?"

"त्यास्ले मी कोन्हतंच सांगत नही. त्या घरमां उनात की आम्ही बठ्ठा गुपचूप."

मला ते खरं वाटलं, आणि तरी संशय गेला नाही. संशयाचं असंच असतं, खरं ऐकलं तरी त्याचं पोट भरत नाही. कमलबाईंनाही तोच वास आला असावा. कारण दुसऱ्याच दिवशी त्यांनी मंजुळाला पहिल्या ओळीतून उठवून शेवटी, भिंतीलगत बसवलं. मंजुळा दप्तर उचलून मागे गेली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. मला वाईट वाटलं, आणि बरंही वाटलं. दोन्ही एकदम वाटतं कधीकधी.

तशात बाईंनी माझ्याकडेही बघायला सुरुवात केली. रिकाम्या बाजूबद्दल विचारलं कुणी? मी. मग मला कुणी शिकवून पाठवलं होतं का? त्यांनी एकदा हळूच विचारलं, "बेबा, तो प्रश्न तुझाच होता ना?" मला इतका राग आला. आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या डोक्यानं एक प्रश्न काढला, तर त्याचाही मालक दुसरा कुणी असेल असं यांना वाटावं.

दिपोटी आले ते भर दुपारी, छकड्यातून, डोक्यावर ओला टॉवेल घेऊन. पुण्याकडचे होते. चेहरा वाईट नव्हता, दमलेला होता. वच्छलाबाईंनी दिलेलं ताक ते उभ्याउभ्या प्यायले. मग खुर्ची मागवून आमच्या वर्गात बसले. भिकुबाई लिंबाखालून उठून पुन्हा उंबऱ्यात आली, आणि आज तिला कुणी हटकलं नाही.

"मुलींनो, घाबरू नका," दिपोटी म्हणाले. हे वाक्य ऐकलं की घाबरायचं असतं, एवढं आम्हाला कळत होतं. "बाईंनी फळ्यावर काय लिहिलं होतं?"

आम्ही पाट्यांत डोकी घातली.

"मिठाबद्दल काही लिहिलं होतं का?"

दिपोटींनी कमलबाईंकडे बघितलं. त्या फळ्यापाशी उभ्या होत्या, पाठ भिंतीला टेकवून. "बाई, आमच्याकडे शब्दन्‌शब्द आलेला आहे. मी वाचतो. मला ही अहिराणी नीट येत नाही, पण अर्थ कळतो." आणि खिशातून कागद काढून त्यांनी सावकाश, एकेक अक्षर लावत वाचलं:

"आमना गावले शाळा शे, शाळामां काळा फळा शे,
कमलबाईनी लिखं तठे, मीठना चोर गोरा शे."

हे आमचं होतं. हा आमचा बार होता, आखाजीचा, ज्यानं पैलाडचं तोंड बंद झालं होतं तो. आम्ही वैशाखभर वर्गात चोर शोधत होतो, आणि सगळ्या गावानं मिळून, टाळ्या पिटत, नदीच्या दोन्ही काठांना ऐकू जाईल असं ते ओरडून सांगितलं होतं. बाईंच्या नावासकट. बाईंचं नाव आम्ही घातलं ते मायेनं घातलं. गौराईच्या गाण्यात आपल्या लाडक्या माणसाचं नाव गुंफतात तसं. आमच्याकडे अशी बाई आहे, तुमच्याकडे नाही, हे पैलाडला दाखवायचं होतं. आणि फळ्यावरच्या 'मिठावरील कर' या दोन गरीब शब्दांचा 'चोर' झाला तो बारच्या चटकदारपणासाठी. ते बोलणं कुणी खरं धरील हे आमच्यातल्या एकीच्याही डोक्यात आलं नव्हतं. बारमधलं बोलणं म्हणजे नदीत सोडलेलं निर्माल्य, ते कुणी उचलून घरी नेतं का?

उंबऱ्यातून भिकुबाई बोलली. "साहेब, हाई ते बारनं शे."

"बार म्हणजे?"

तिनं सांगितलं. दोन काठ, गौराई, शिव्या, सगळं सांगितलं. शेवटी म्हणाली, "बारमां जे म्हनं ते नदीमां सोडं. त्यानी फिर्याद कोनी करत नही. ज्यानी करी त्याले इचारा, तो कोना शे."

"नदीपलीकडच्या एका जबाबदार इसमानं कळवलं आहे. नाव मला सांगता येत नाही," दिपोटी म्हणाले. सांगायला कशाला हवं होतं? पलीकडचा जबाबदार इसम एकच. मला बाभळीखालचं ते कडू तोंड आठवलं.

दिपोटींनी घाम पुसला. "बाई, मला तुमचं वाईट करायचं नाही. पण कायद्यात आखाजी नाही. वरून विचारतील, मला काहीतरी लिहून न्यावंच लागेल. हे तुम्ही फळ्यावर लिहिलं नसेल तर तसं सांगा. एखाद्या मुलीनं रचलं, एवढं म्हणा. त्या मुलीचं नाव शाळेतून कमी करू, तिच्या बापाला समज देऊ. तुम्ही मोकळ्या व्हाल."

इथे आमचं चुकलं. सगळ्यांच्या माना वळल्या. आपोआप वळल्या, आणि भिंतीलगत बसलेल्या मंजुळाकडे वळल्या. कारण ते गाणं तिनं रचलं होतं. बारमध्ये पुढे तीच असायची. वर्गातली मुकी पोर नदीवर गेली की तिला वाचा फुटायची, आणि तिनं एक ओळ टाकली की आम्ही शंभरजणी ती उचलायचो.

दिपोटी कागदाची घडी घालत होते, त्यांनी बघितलं नाही. कमलबाईंनी बघितलं. आमच्या माना कुठे वळल्या ते बघितलं, आणि माझ्या डोळ्यांदेखत त्यांना सगळं समजलं. जिला त्यांनी चुगलीखोर समजून मागे बसवलं होतं, तिनंच त्यांचं नाव गाण्यात गुंफलं होतं. मंजुळानं गुडघ्यात डोकं घातलं होतं. जमादाराच्या मुलीनं गोऱ्याला चोर म्हटलं, हे कागदावर गेलं असतं तर तिची शाळा तर सुटलीच असती, बापाचा पट्टाही उतरला असता. आणि मग घरी त्या पोरीचं काय झालं असतं, ते मला विचारू नका.

"मी लिहिलं," कमलबाई म्हणाल्या.

"काय लिहिलं?"

"तुम्ही वाचलंत तेच."

"असंच? चोर?"

"असंच."

वच्छलाबाई म्हणाल्या, "कमल, अगं तू कुठे—" आणि थांबल्या, कारण कमलबाईंनी त्यांच्याकडे बघितलं.

आम्हा सगळ्यांना माहीत होतं की बाईंनी तसं लिहिलं नव्हतं. बाई वर्गात खोटं बोलल्या ते एवढंच. आम्हाला मात्र त्यांनी कधी खोटं बोलू दिलं नाही. मी उठून खरं सांगणार होते. पण खरं सांगितलं तर मंजुळा जाणार होती. मी बसूनच राहिले. आपल्या हातात खरं असावं आणि ते कुणाला देता येऊ नये, याच्यासारखा दुसरा जाच नाही.

दिपोटींनी कोरा कागद काढला. मग लिहिलं. कमलबाईंनी त्याखाली सही केली. ते मोठ्या बाईंच्या खोलीत गेले तशा कमलबाई खिडकीशी गेल्या आणि तरट ओढून काढलं. उजेड आत आला. त्यांनी मागे बघितलं. "मंजुळा, पुढे ये. तुझ्या जागेवर बस."

मंजुळा आली. बाई तिच्यासमोर वाकल्या आणि अगदी हलक्या आवाजात विचारलं, "चाल कोणती होती गं?"

मंजुळाला हुंदका आवरेना. तिला चाल म्हणता आली नाही. आम्हाला सगळ्यांना येत होती, पण कुणी म्हटली नाही.

बाईंना कामावरून काढल्याचा हुकूम जळगावहून यायला थोडे दिवस लागले. तो वच्छलाबाईंच्या हातात पडला दुपारी. आणि आता ऐका. पैलाडच्या तोताराम पाटलाची बैलगाडी सकाळपासूनच शाळेसमोर उभी होती. गाडीत गवत अंथरलेलं, त्यावर घोंगडी. आमच्या गावाला जे दुपारी कळलं ते त्याला सकाळी कसं माहीत?

भिकुबाई त्याच्यापुढे जाऊन उभी राहिली. "तोताराम आबा, बारनी फिर्याद करी तू?"

"कोन म्हनस?" पाटील बैलांच्या शिंगांवरून हात फिरवत म्हणाला. "मी ते बाईस्ले लेवाले उनू. मना गावले शाळा नही, हाई बठ्ठी नदीनी ऐकं. मन्या तिन्ही पोरी आखाजीपाईन मनासंगे बोलत नहीत. घरमां दोन घास गोड लागत नहीत."

कमलबाई ट्रंक घेऊन बाहेर आल्या. धुळ्याला जायची त्यांची तयारी होती. भावाला निरोप गेला होता, आणि उत्तर आलं नव्हतं. त्या पाटलाकडे बघत राहिल्या. महिनाभर आमच्याकडे बघत होत्या तसंच. "पाटील, तुम्हीच कळवलंत ना?"

तोतारामनं बैलाच्या पाठीवरची माशी उडवली.

"तुम्ही सरकारी माणूस. मला ठेवून घेतलंत तर उद्या तुमच्यावर बालंट."

"सरकारनी शाळा नही, मग सरकारनं पुस्तक नही. गोठाम्हान बठीसन पोरी शिकतीन. त्याले कोन काय म्हनी?"

हा माणूस भोळा होता की पोचलेला, ते मला आजवर उलगडलेलं नाही. फिर्याद त्यानं रागानं केली आणि मग पश्चात्तापानं गाडी आणली, असं माझी आई म्हणायची. नाना म्हणायचे, तसं काही नाही, त्याला मास्तरीण हवी होती, आणि आमच्या शाळेत काडी टाकल्याशिवाय ती मिळाली नसती. मला दोन्ही खरं वाटतं, म्हणजे दोन्हींचा संशय येतो.

कमलबाईंनी विचारलं, "फळा आहे?"

"करसूत."

"दोन्ही बाजू मावतील एवढा रुंद करा," त्या म्हणाल्या आणि ट्रंक गाडीत ठेवली. गाडी वाळूतून पलीकडे गेली. आम्ही काठावर उभ्या राहून बघत होतो. मला रडू आलं ते बाई गेल्या म्हणून, आणि पैलाडला गेल्या म्हणून जास्त.

आम्हाला नव्या बाई आल्या. फायद्यांचा धडा त्यांनी पाठ करून घेतला, फळ्यावर रेघ न मारता. आम्ही एकाही शब्दाला अडलो नाही. दिपोटी खूश होऊन गेले.

वर्ष फिरून आखाजी आली. टोपल्या घेऊन आम्ही नदीवर गेलो. वच्छलाबाईंनी बजावलं होतं, देवादिकांचं म्हणा, सासवांचं म्हणा, बाकीच्यात पडू नका. घरोघरच्या आयांनीही तेच बजावलं होतं. रुपचंद जमादार ड्रेस घालून आमच्या पाठीशी वडाखाली उभा होता. तो दरवर्षीच उभा असायचा. पण त्याआधी आम्ही कधी मागे वळून बघितलं नव्हतं. त्या साली पहिली ओळ टाकायच्या आधी सगळ्यांनी वळून बघितलं, कोण कोण ऐकतंय ते.

पलीकडून पैलाडच्या पोरींनी सुरुवात केली. पुढे तोतारामच्या तिघी. त्यांच्या मागे, अंगणाच्या कडेला उभी राहावी तशी थोडी लांब, पांढऱ्या लुगड्यातली एक बाई होती. विधवा असून ती गौराईच्या बारला आली होती, आणि पैलाडच्या बायकांनी तिला येऊ दिलं होतं.

"तुमनी शाळामां फायदाच फायदा,
तोटा कोठे दपाडा वं? तोटा कोठे दपाडा?"

तोटे कुठे लपवले? वाळूवरून ती ओळ आली आणि आमच्या काठावर येऊन पडली. उणं खरं होतं, म्हणून शिवी चांगली होती. त्यांनी ती पुन्हा म्हटली. त्यांच्यातल्या एकीनंही मागे वळून बघितलं नाही.

आमच्याकडच्या बायका मंजुळाला कोपरानं ढोसत होत्या, म्हण ना, टाक ना ओळ. मंजुळा माझ्याशेजारीच उभी होती. उत्तर तिला सुचलं होतं. तिचे ओठ हलताना मी बघितले. पण ती पलीकडे बघत नव्हती, मागे बापाकडे बघत होती. पैलाडनं तिसऱ्यांदा विचारलं, आणि आम्ही टोपल्या उचलून घरी चालू लागलो.